तळ्यावरचा भेरूजी

चहा घ्या आधी, निवला की मग मला दोष द्याल! आणि हसायचं असेल तर शेवटी हसा. मधे हसलात की मी रागावतो, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

तर माळव्यातल्या धारच्या तळ्याची गोष्ट. मी तेव्हा मिसरूड फुटलेला उमेदवार. उमेदवार म्हणजे काय, तर काम पुरं करायचं आणि नोकरी आहे की नाही ते विचारायचं नाही! दरबारचा हुकूम निघाला होता, की तळ्यातले मासे कोणी धरू नयेत, काठच्या पक्ष्यांना कोणी दगड मारू नये. पण नुसता दंड नको, येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगणारा एक शिकलेला माणूस हवा. तो शिकलेला माणूस मी!

डोक्याला पगडी, अंगात वडिलांचा कोट, हातात वेताची छडी. बाजाराला आलेली मंडळी काठावर भाकरी सोडून बसली, की मी सुरू. "सज्जनहो, हा जो सारस पक्षी आपणांस दृष्टीस पडत आहे..." माझं ते शुद्ध मराठी ऐकून मनावर गावाकडचे गाडीवान आधी एकमेकांकडे बघायचे, मग माझ्याकडे. पक्ष्याकडे कोणी बघायचंच नाही! शेवटी एखादा म्हातारा विचारायचा, "भिया, वा सब तो ठीक. पण यो खावा में कसो लगे?"

आता अशा ठिकाणी नोकरी कायम कशी व्हायची? आणि कायम झाल्याशिवाय लग्न नाही. देवासच्या मंडळींनी स्पष्टच सांगितलं होतं, "मुलगा कायम झाला की मग कुंकू लावू." मुलगी मी एकदाच पाहिली होती, तीही अर्धी, दाराआडून. पण ती अर्धी पुरेशी होती हो!

त्यात टिटवीनं घात केला. सबंध तळ्याचा काठ मोकळा सोडून बाईसाहेबांनी अंडी घातली ती ऐन पायवाटेला लागून. मातीत मातीच्या रंगाची अंडी, दिसणार कुणाला? आमचे बागखात्याचे अधिकारी आबासाहेब येऊन बघून गेले. जाताना म्हणाले, "विनायकराव, पिल्लं निघाली तर तुमचं बघू. अंडं फुटलं तर मात्र तुम्ही घरी."

घरी! म्हणजे देवासही गेलं!

मी विचार केला, डोकं चालवलं. (इथेच चुकलं.) अंड्यांभोवती दगडांचं कडं केलं. पायवाटेच्या बाजूला एक उभट दगड रोवला. लांबून दिसावा म्हणून कुंड्या रंगवायचा गेरू आणला. पाण्यात कालवला तर वाळून फिकट पडतो, म्हणून दिव्यातलं गोडं तेल घातलं. काय लाल झाला म्हणता! मग तिथेच बसून आईनं दिलेला पेढा खाल्ला. वर्खाचा पेढा, बोटं चिकट झाली. कोटाला कशी पुसणार, कोट वडिलांचा! पुसली त्या दगडाला. आणि मोठ्या समाधानानं घरी गेलो.

सकाळी येतो तो काय! दगडापुढे नारळ फुटलेला, उदबत्त्यांचा धूर, बायका घुंगट ओढून गात बसलेल्या. तोच म्हातारा, सारसाची चव विचारणारा, माझ्यावर ओरडला, "अरे भिया, जूता उतारो! भेरूजी परगट्या हे!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माळव्यात भेरूजीला, म्हणजे आपल्या भैरवाला, तेलात कालवलेला शेंदूर फासतात आणि वर चांदीचा वर्ख लावतात. म्हणजे तेल, लाल रंग, वर्ख... मी पूजेत काही कमी ठेवलंच नव्हतं!

"अहो बाबा, तो गेरू आहे! मी लावलाय काल, या हातानं!"

म्हातारा प्रेमानं हसला. "थने नी लगायो भिया. भेरूजी ने थारा हाथ से लगवायो!"

मी जोडे काढले.

टिटवी डोक्यावर टीटी करत घिरट्या घालायची, तर लोक म्हणत, देवाची राखणदार आहे. मंगळवारी गाड्या भरभरून माणसं आली. आणि त्या गर्दीत, हातात नारळ घेऊन, अनवाणी, कोण? आमची आई!

"आई! अगं, तू इथे?"

"गप्प बैस. नवस बोलतेय. विनूची नोकरी कायम होऊ दे, सव्वा शेर पेढे वाहीन."

"अगं, त्याच्यावरचा वर्ख तुझ्याच पेढ्याचा आहे!"

"मग पोचला ना देवाला? नमस्कार कर."

केला. करतो काय!

आणि तेवढ्यात आबासाहेब आले. पायवाटेवर ही जत्रा, आणि मधे माझी अंडी! आबासाहेबांनी सगळं निरखून पाहिलं. दगडांच्या कड्यात कुणाचं पाऊल नव्हतं. कुणाच्या हातात खडा नव्हता. आणि कड्याच्या मधोमध, कापसाला पाय फुटावेत तशी पिल्लं धावत होती. त्यांनी हळूच जोडे काढले.

"विनायकराव, तुम्हाला कायम केलं."

"साहेब! पक्ष्यांच्या देखरेखीवर?"

"छे! पक्ष्यांकडे आता भेरूजी बघतील. तुम्ही भेरूजींकडे बघा."

झालं! देवासच्या मंडळींना जावई हवा होता कारकून, मिळाला पुजारी. त्यांनी कुरकुर केली, पण मुलगी म्हणे आत हसत होती. ती अजून हसते, आत्ता चहा देताना बघितलंत ना? फार चांगले दिवस होते हो ते. टिटवी वर्षानुवर्षं त्याच कड्यात अंडी घालायची, आणि मी संध्याकाळी काठावर एकटाच बसून ती राखायचो. आज आई नाही, पण त्या काठाची आठवण आली की आधी तीच दिसते.

कारण नवस फेडायला ती आली होती ना, तो दिवस! सोवळं नेसलेली, हातात पेढ्यांचं ताट. ताट माझ्यापुढे ठेवलं आणि साऱ्या गावादेखत ठणकावून म्हणाली,

"पुजारीबुवा, नैवेद्य दाखवा, प्रसाद घ्या. पण बोटं मात्र धोतराला पुसा हो, दगडाला नको. दुसरा देव निघाला तर त्याला सांभाळायला घरात दुसरा मुलगा नाही!"