आमच्या बांधावरचे एल्फ

आमच्या घराण्यात आजवर दोन सुभेदार, एक सरपंच आणि तीन एल्फ झाले. सुभेदारांचे फोटो घराच्या दर्शनी सोप्यात लावले आहेत. एल्फांचे अजून कुणी लावले नाहीत, याचा मी इथे जाहीर निषेध करते!

एल्फ म्हणजे काय, असं विचारणाऱ्यांसाठी सांगते. सांगलीत कॉलेजला असताना आम्ही पाचजण दर रविवारी एका कल्पनेच्या जगातला खेळ खेळायचो. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याच्यासारखं बोलायचं, वागायचं आणि अडचण आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. माझं पात्र एल्फ. लांब कान, हलकी पावलं, मुक्काम झाडावर, आयुष्य हजार वर्षं. एल्फ झोपत नाही, नुसता चार तास डोळे उघडे ठेवून ध्यानाला बसतो. त्याला घाई म्हणून नसते. आणि तो झाड तोडत नाही, कारण ते उगवलं तेव्हा तो तिथं हजर होता! माझी एल्फ वनारिल, वय दोनशे चौदा. असा विचार करणारी जमात माणसांत का नाही, या सवालानं माझं रक्त उसळायचं. (तेव्हा ते कशानंही उसळायचं. मेसच्या आमटीनंसुद्धा.)

तर मागच्या वर्षी, रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी, बांधावरच्या चिंचेवर संकट आलं. बांधाच्या अलीकडे आप्पांचा, म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन परतलेल्या माझ्या वडलांचा ऊस. पलीकडे तात्यांचा, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांचा. चिंच दोघांची, निम्मी-निम्मी. तिच्या सावलीत तात्यांच्या चार सऱ्या ऊस खुरटा राहतो, म्हणून तात्यांनी येत्या सोमवारसाठी करवतवाला सांगून ठेवला. आप्पा म्हणाले, "न्हाई तोडायची!" पण म्हणाले ते आमच्या म्हशीला. कारण दोघं भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

मग मी काय केलं? पत्रक काढलं! 'वृक्षद्रोही चुलत्याचा धिक्कार असो!' दोनशे प्रती! डेअरीच्या भिंतीवर लावली, पारावर लावली आणि (हे भावनेच्या भरात झालं) एक तात्यांच्या ट्रॅक्टरवरही लावली.

तात्या तणतणत दारात आले.

"ऋतू! माझ्याच ट्रॅक्टरवर माझा धिक्कार? अगं, तसाच बाजारात जाऊन आलो की मी! समदी लोकं वाचत हुती!"

"वाचायलाच लावलंय. तात्या, चिंच तोडू नका."

"तोडनार! निदान माझ्याकडची निम्मी तरी तोडनारच!"

"उभी का आडवी?" आतून आईनं विचारलं.

पत्रकानं क्रांती होत नाही म्हटल्यावर मी हुकमी पान काढलं. रविवारी सांगलीहून मकरंदला बोलावलं. मकरंद आमच्या खेळाचा सूत्रधार. जग त्याचं, डोंगर त्याचे, राक्षस त्याचे. माझी योजना साधी होती : दोघा भावांना एल्फ करायचं! एकदा एल्फासारखा विचार केला की दोघं चिंचेला मिठी मारून ढसाढसा रडतील. तात्यांना निरोप दिला, "चिंचेची बैठक आहे." आप्पांना बोलवायची गरज नव्हती. रविवारी दुपारी ते सोप्यातच असतात.

दोघं एका सतरंजीच्या दोन टोकांना बसले. मकरंदनं समजावलं, "काका, एल्फ फार मानी असतो. त्याला झोप कमी. झाडापेडाशी जास्त बोलतो, माणसांशी कमी. आणि झालेला अपमान तो शेकडो वर्षं विसरत नाही."

"ह्यात खेळ कुठला?" आप्पा म्हणाले. "ही तर रोजची ड्यूटी हाय."

"बरं, तुमच्या एल्फाचं वय काय लिहू?"

"सहाशे."

तात्या छताकडं बघत म्हणाले, "माझा सहाशे धा."

"माझा आठशे!"

"लिव्हा नऊशे!"

"आवं काका, मरतील दोघं!" मकरंद कळवळला. "हजाराच्या पुढं एल्फ जगत नाही!"

तेव्हा आप्पा नऊशे नव्याण्णववर थांबले. तात्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पुटपुटले, "माझा एक कमी लिव्हा. थोरला त्यो थोरला."

मग एल्फांची सभा सुरू झाली. म्हणजे, मकरंदनं तसं जाहीर केलं. पाऊण तास कुणी बोललंच नाही! दोघं डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीकडं बघत बसलेले. पापणी हलेना! मकरंद माझ्या कानाशी लागला, "गेली चार वर्षं खेळ चालवतोय. एवढे अस्सल एल्फ मी बघितले नाहीत!"

अभिमानानं माझा ऊर भरून आला. पण करवतवाला उद्या सकाळी येणार होता.

शेवटी तात्यांचा एल्फ भिंतीला म्हणाला, "ह्या सभेत माझी एक तक्रार हाय. मला जत्रंचं आवतण आलं न्हवतं."

"कधीची गोष्ट?" मकरंदनं वही सरसावली.

"तीनशे वर्सं झाली."

"निरोप धाडला हुता," आप्पांचा एल्फ कडाडला.

"निरोप येगळा आन् आवतण येगळं! सख्ख्या भावाला कुनी निरोप धाडतं व्हय? मटान शिजलं, समदं गाव जेवलं, आन् मी पलीकडच्या झाडावर बसून वास घेतला!"

हाच तो क्षण, असं मी ओळखलं. ताडकन उठले, मूठ वळली. "बंधूंनो! सवाल एका जत्रेचा नाही! सवाल एका झाडाचाही नाही! सवाल आहे..."

"वय काय तुजं?" आप्पांनी विचारलं.

"दोनशे चौदा."

"खाली बस! दोनशे वर्सांची पोर, मोठ्यांच्या मधी बोलती व्हय?"

हे वाक्य दोघांच्या तोंडून निघालं. एकाच वेळी, एकाच सुरात! अकरा वर्षांत दोघा भावांचं पहिल्यांदा एकमत झालं आणि ते माझ्याविरुद्ध!

मग आप्पांचा एल्फ उठला. चार पावलांची सतरंजी, पण ती ओलांडायला सुभेदारांनी सीमेवरच्या गस्तीइतका वेळ घेतला. तात्यांसमोर उभे राहिले, घसा खाकरला. "औंदा जत्रंला ये. मी सोता सांगतोय."

"येतो, दादा."

आई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. चहावर साय धरली, तरी कुणी हाक मारली नाही.

एवढ्यात मकरंदला वाटलं, खेळ फार हळवा होतोय. त्यानं घाईनं जंगलाच्या सीमेवर चाळीस राक्षस उभे केले, प्रत्येकाच्या हातात कुऱ्हाड! "ते म्हणतात, तुमचं सगळ्यांत जुनं झाड तोडणार!"

तात्या भडकले. "कुनाच्या बापाची हिंमत हाय रं? आमच्या बांधावरलं झाड आमी ठेवू न्हाईतर तोडू! परक्यानं हात लावायचा न्हाई! दादा, टाक फासा!"

दोघांनी मिळून चाळीसच्या चाळीस राक्षस लोळवले. (सदतीस आप्पांनी. फौजेतली सवय.) विजयानंतर मी भीत भीत विचारलं, "मग, चिंचेचं काय ठरलं?"

"त्याची काय घाई?" तात्यांनी बशीत चहा ओतला. "आपन काय मानसं हाय काय, एका दिवसात ठरवायला? बसू निवांत शंभर वर्सांनी."

"मंजूर," आप्पा म्हणाले.

सोमवारी करवतवाला आला. तात्या बांधावरच उभे होते. "बैठक तहकूब झालीया, गड्या."

"मग कवा येऊ?"

"शंभर वर्सांनी. यायच्या आदी फोन कर."

चिंच उभी आहे. माझं भाषण पुरं झालं असतं तर ती पडली असती, हे मला मान्य आहे. भावकीला मी उगाच मागासलेली म्हणत होते. जगभरची पोरं फासे टाकून, नकाशे काढून जे एल्फपण शिकतात, ते आमच्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या आपोआप उगवतं. सांगायला छाती फुगते!

आता दर रविवारी सोप्यात सभा भरते. पाचशे वर्षांखालच्या एल्फाला सभेत जागा नाही, असा दोघांनी नियम केला. मी निषेधाचा ठराव मांडला. तो दोन विरुद्ध एक मतांनी पडला. मग मकरंदनंच मार्ग काढला आणि मला दुसरं पात्र दिलं. सध्या मी तात्यांच्या एल्फाचा घोडा आहे. बोलायची परवानगी नाही, फक्त खिंकाळायची. पण मी सांगते, अख्ख्या सातारा-सांगलीत माझ्याइतकं बाणेदार खिंकाळणारं दुसरं घोडं दाखवा!