सममित मॅट्रिक्सची काल्पनिक उत्तरं

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात एआयची नवी टीम होणार असं ठरलं आणि मॅनेजरनं मला विचारलं, "लिनिअर अल्जिब्रा झालाय ना तुझा?"

"हो, इंजिनिअरिंगला होता की," मी म्हटलं. होता हे खरंच होतं. येतो असं मी कुठं म्हटलं होतं?

तर एकोणचाळिसाव्या वर्षी मी विद्यापीठातल्या शनिवारच्या प्राथमिक कोर्सला नाव घातलं. पहिल्या दिवशी वर्गात शिरले, तर मागच्या बाकावरची दोन पोरं उभीच राहिली. त्यांना वाटलं, शिकवणाऱ्या बाई आल्या. खरे शिकवणारे सर माझ्या पाठोपाठ आत आले आणि म्हणाले, "बसा, बसा. यांनाही येत नाही, म्हणूनच आल्यात."

पहिल्या बाकावर माझ्या शेजारी अमरावतीची एक हॉस्टेलवर राहणारी मुलगी बसायची. मी ताई म्हणवून घ्यायला एका पायावर तयार होते. तिनं विचारलंच नाही, थेट काकू म्हणाली.

दुसऱ्या शनिवारी सरांनी फळ्यावर तीन व्हेक्टर, म्हणजे आकड्यांच्या तीन रांगा, लिहिले: एक-दोन-तीन, चार-पाच-सहा आणि सात-आठ-नऊ. माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, हे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का?"

"आहेत ना. तिन्ही वेगळे दिसतायत."

"दुसऱ्याची दुप्पट करा, त्यातून पहिला वजा करा."

केली. तिसराच आला, म्हणजे तो स्वतंत्र नव्हताच. वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते जास्त लागलं.

मग सत्राच्या मधली परीक्षा झाली. वीसपैकी सहा मिळाले. त्यातल्या एका गणितात सममित मॅट्रिक्स होती, म्हणजे कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखेच आकडे असलेला चौकोन; त्याची उत्तरं कायम वास्तव संख्यांतच येतात. वरच्या ओळीत दोन-एक, खालच्या ओळीत एक-दोन. तिच्या आयगेनव्हॅल्यू काढताना मी वजाच्या जागी अधिक केलं आणि उत्तरात वजा एकाचं वर्गमूळ, म्हणजे काल्पनिक संख्या, घेऊन मोकळी झाले. सरांनी समासात लाल शाईनं लिहिलं होतं, "सममित मॅट्रिक्सला काल्पनिक उत्तरं! आपली कल्पनाशक्ती उत्तम आहे."

मी तणतणत केबिनमध्ये गेले. "सर, एका चिन्हाची तर चूक आहे."

"बरं. सूत्र न सांगता सांगा, आयगेनव्हेक्टर म्हणजे काय?"

मी पेपर उलटून मागची बाजू बघायला लागले.

"इंजिनिअरिंगला गणितात किती होते आपल्याला?"

"सत्त्याऐंशी."

"कोणाचे होते ते?" त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं.

बाहेर येऊन कट्ट्यावर बसले तेव्हा डोळे भरून आले होते. राग सरांचा नव्हताच. ते सत्त्याऐंशी मार्क गाइडचे होते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

अमरावतीकर येऊन शेजारी बसली. तिनं माझा पेपर वाचला, शेरा वाचून खुदकन हसली, मग "सॉरी काकू" म्हणाली. तिची ओढणी बारीक चौकटींची होती. तिनं ओढणीची चौकोनी घडी करून तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे मला धरायला लावले.

"आता ओढा. काय झालं?"

"सगळ्या रेघा तिरक्या झाल्या."

"सगळ्या?"

मी नीट पाहिलं. उभ्या-आडव्या रेघा कलल्या होत्या. पण माझ्या हातातल्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणारी दिशा तशीच होती, नुसती लांबली होती.

"हा आयगेनव्हेक्टर," ती म्हणाली. "अन् जितक्या पटीनं लांबला, ती आयगेनव्हॅल्यू. तुमच्या पेपरातली मॅट्रिक्स या दिशेला तिप्पट ताणते."

मी ती ओढणी चार-पाच वेळा ओढली. शेवटी तिनं ती काढून घेतली, "फाटेल काकू" म्हणत.

त्यानंतर दर शनिवारी तास संपला की आम्ही कट्ट्यावर बसून गणितं सोडवायचो. अंतिम परीक्षेत मला शंभरपैकी एकसष्ट मिळाले, सगळे माझे. तिला ब्याण्णव.

सोमवारी मी ऑफिसात निकाल सांगितला, तर मॅनेजर म्हणाला, "अगं, आता सगळं टूलच करतं. गणित कोण विचारतंय?" टीम हैदराबादला हलली होती. मला वाईट वाटायला हवं होतं. मी जागेवर येऊन विद्यापीठाची वेबसाइट उघडली आणि पुढच्या सत्राचा फॉर्म भरला. मग अमरावतीकर मुलीला मेसेज टाकला, "जागा धर."

"पहिल्या बाकावर नाही हं काकू," तिचं उत्तर आलं.