कंचनबाईंचं गळणं

हंड्याच्या तोंडावर दुहेरी पांढरं गळणं बांधून कंचनबाई नळाचं पाणी ओतत होत्या. हंडा अर्धा भरला असेल नसेल, तोच दुकानातून त्यांचे यजमान उत्तमचंद आत आले.

"ऐकलंस का? नाल्यावरचा प्लँट दिवाळीपासून नीट चाललाय म्हणे. पेठेचं घाण पाणी आता तसंच नदीत जात नाही."

कंचनबाईंच्या हातातली कळशी थांबली ती थांबलीच.

पिंपळवंडीहून लग्न होऊन त्या इथं आल्या, तेव्हा पहिल्याच सकाळी सासूबाईंनी त्यांना घोडनदीच्या डोहावर नेलं होतं. धुण्याचं पाणीसुद्धा गाळून घ्यायचं, मग गळणं उलटं करून त्यात अडकलेले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात हलक्या हातानं सोडायचे. याला जिवाणी म्हणत. सासूबाई म्हणायच्या, "त्यांचंही घर असतं बाई. परक्या दारात कशाला लोटायचं?" तेवढ्यात बारके मासे पायाला गुदगुल्या करून जात.

पुढं पेठेतल्या मोऱ्या, संडास, सगळं नाल्याला जोडलं गेलं, आणि नाला तर डोहाच्या वरच्याच अंगाला नदीला मिळत होता. पाणी आधी गढूळ झालं, मग काळं. शहाण्णव साली सासूबाई अंथरुणाला खिळल्या. म्हणाल्या, "एकदा डोहावर जाऊन माझ्या नावानं जिवाणी सोडून ये." कंचनबाई गेल्या. पण त्या पाण्यात गळणं बुडवायला हातच धजेना. कोरडं गळणं पदराआड धरून त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "सोडली."

सासूबाई समाधानानं गेल्या. पण रोज संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसलं, दिवसाच्या चुकांची क्षमा मागायला लागलं, की अकरा वर्षांपूर्वीचा तो एक शब्द आधी पुढं येऊन बसायचा.

अर्धा हंडा तसाच ठेवून त्यांनी एक कोरडं गळणं आणि लोटा घेतला.

प्लँटवर शिनोलीचा चिमाजी मशिनी बघायचा. "या शेठाणी. तुमच्या मोरीच्या पान्याला भेटाया आलाय व्हय?" म्हणत त्यानं सगळं फिरवून दाखवलं. जाळीत चिंध्या अन् पिशव्या अडकत होत्या, हौदात गाळ तळाला बसत होता. पुढच्या टाकीत मात्र पाणी नुसतं खदखदत होतं.

"यात औषध घालता का?"

"न्हाई. ह्यात बारकं जीव हायत, डोळ्याला दिसत न्हाईत. त्येच घाण खात्यात. आमी फकस्त हवा सोडतो. लाइट गेली की त्येंचा जीव गुदमारतो, अन् माजा टांगणीला."

कंचनबाईंचे हात आपोआप जोडले गेले.

"तुमी जीव वाचिवता, मी पोसतो," चिमाजी म्हणाला. "तुमचाच धंदा म्हना की."

शेवटच्या पाइपातून पाणी काचेसारखं नितळ पडत होतं. इतकं नितळ पाणी त्यांनी डोहातही पाहिलं नव्हतं. त्या खाली बसल्या, लोटा भरून पाणी गाळलं आणि सासूबाईंचं नाव घेऊन गळणं उलटं करणार, तोच चिमाजी म्हणाला, "ओ शेठाणी, कुनाला सोडताय? ह्या पान्यात कुनीच न्हाई. रोगजंतू मरावं म्हून शेवटाला क्लोरीन घालतो आमी. तुमचं गळणं रिकामं हाय."

कंचनबाईंनी गळण्याकडं पाहिलं. पांढरंशुभ्र होतं. पाणी एवढं चांगलं, आणि त्यात राहायला कुणी नाही.

"मग जीव कुठं भेटतील?"

"डोहाकडं जावा. तितवर औषध उडून जातंय, वरचं पानी मिसळतंय. गेल्या हप्त्यात बारकं मासं दिसलं मला, खोटं न्हाई सांगत. पन सा वाजता लाइट जानार, मग घान पानी तसंच खाली यील. त्येच्या आत काय ते उरका. अन् पिऊ नका बरं ते."

कंचनबाई उठल्या. सूर्य अजून वर होता. डोहाची वाट खाली उजवीकडं वळत होती, आणि पाय तिकडंच ओढत होते. पण हातातल्या गळण्याला औषधाचा उग्र वास लागला होता. ते डोहात बुडवायचं नव्हतं.

त्या आधी पेठेकडं वळल्या, कापडाच्या दुकानातून नव्या गळण्यासाठी दोन हात कोरं मांजरपाट आणायला.