बादलीचं बादल

आईला पक्षाघात झाला, तेव्हा मी जबलपूरला घरूनच कंपनीचं काम करत होते. तिचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. पुढे एकेक शब्द परतू लागला, तशी तिच्या स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, "रोज थोडे शब्द मोठ्या अक्षरांत दाखवा. आप बस उनके होंठ देखिए."

माझं काम पायथॉन या संगणकाच्या भाषेतच चालतं. मी लगेच छोटा प्रोग्राम लिहिला. लॅपटॉप टीव्हीला जोडला की पडद्यावर एकेक शब्द यायचा. लांब शब्द एवढ्या मोठ्या अक्षरांत मावत नव्हता, म्हणून शब्द छापायच्या ओळीत टिंब आणि चार लिहिलं. म्हणजे चार अक्षरांपुढचं कापायचं. माझे शब्द तर दोन-तीन अक्षरांचेच होते.

टीव्हीकडे पाठ करून मी तिच्यासमोर बसायची. मूळ शब्द मला मांडीवरच्या लॅपटॉपवर दिसत. चहा, साखर, पोळी तिनं नीट वाचले. मग मी नवे शब्द घातले आणि सगळं बिघडलं.

बादली आली. आई म्हणाली, "बादल."

"बादली, आई."

"बादल."

खिडकीला खिडक. कुलपाला नुसतंच कुलू. शब्दांचे शेवट गळायला लागले की काय? की मराठी विसरून ती हिंदीत चालली? ऑफिसच्या मीटिंगमध्येही माझं लक्ष लागेना. दर थोड्या वेळानं उठून मी तिच्या खोलीत डोकावायची. बाबांना म्हटलं, नागपूरला नेऊन पुन्हा स्कॅन करू.

"काहून घाबरून राहिली तू?" बाबा म्हणाले खरे, पण संध्याकाळी तेही गेटपर्यंत उगाच चकरा मारत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली आली.

"बादल," आई म्हणाली.

"नीट बघ ना गं!" माझा आवाज चढला.

तिनं डावा हात खुर्चीवर आपटला आणि माझ्या खांद्यावरून मागे बोट दाखवलं. आदल्या दिवशीही तिनं असंच केलं होतं. टीव्ही बंद कर म्हणते, असं मला वाटलं होतं.

"तू," ती म्हणाली. बराच वेळ ओठ हलवत राहिली. "तू... बघ."

मी वळले. पडद्यावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: बादल.

पुढचे शब्द भराभर पुढे सरकवले. खिडक. कुलू. तिनं एकही चुकीचा वाचला नव्हता. आपण बादली तीन अक्षरांची धरतो, पण पायथॉन काना आणि वेलांटीही वेगळी मोजतो. त्याच्या हिशेबानं ती पाचांची झाली आणि शेवटची वेलांटी त्यानं गुपचूप कापली. प्रोग्राम लिहिण्यात चूक झाली असती तर तो एरर दाखवून ओरडला असता. पण मी सांगितलं तेच त्यानं केलं होतं.

मी टिंब आणि चार खोडलं. बादली पुन्हा पडद्यावर आणली.

"बादली," आई म्हणाली आणि हसली. तोंड एका बाजूला ओढलं जायचं तिचं, तरी हसली.

बाबा दारात उभे होते. "अच्छा, मग नागपूर?"

थेरपिस्टना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, गरज नाही. तरी त्या दिवशी मी खुर्ची हलवली आणि आईच्या शेजारी बसू लागले. दोघी मिळून पडद्याकडे बघत असू. कुठे ती अडली की माझा जीव अजूनही वरखाली व्हायचा.