दोन कार्ब्युरेटर आणि एक कान

जगातलं काहीही नुसतं ऐकून दुरुस्त करता येतं, असं मानणारा एकच माणूस मला भेटला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. कुकरची शिट्टी, पाण्याचा पंप, माझा खोकला, सगळ्याला ते मान तिरकी करून कान देतात. बाळकुमला त्यांच्या बिल्डिंगखाली, बरोब्बर स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, त्यांची लाल, दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार उभी असते. तिच्या इंजिनाला हवा-पेट्रोल पाजणारे दोन कार्ब्युरेटर. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन अडखळतं. हे मोजायचं यंत्र मिळतं म्हणे, पण मामांकडे हातभर रबरी नळी आहे. एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात, आणि डोळे मिटलेले. रविवारी मी डोंबिवलीहून जातो तेव्हा त्यांची अशी समाधी लागलेली असते आणि वॉचमनसुद्धा दबक्या पावलांनी ये-जा करतो.

ठिणगीचं खातंही तसलंच. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट ते लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याने जमवतात. घरी पत्रिका आली की मुहूर्त राहिला बाजूला, आधी चिमटीत धरून जाडी बघणार. माझ्या लग्नात मला मिठी मारून म्हणाले, "पत्रिका फर्स्टक्लास होती हो, जावईबापू." मी बापडा समजलो, मजकूर आवडला.

एवढं करून गाडी जायची कुठे, तर गेटपर्यंत. मामींना तिच्यातून येऊरच्या डोंगरावर फिरवून आणायचं वचन लग्नाच्या वेळचं. "दोन्ही एका सुरात आले की निघू," असं मामा तीस वर्षं सांगताहेत आणि मामी तीस वर्षं खिडकीतून "मेली ती गाडी" म्हणताहेत.

गेल्या थंडीत एका रविवारी गेलो तर इंजिन थडथडत होतं, बॉनेट नाचत होतं आणि मामा प्रसन्न चेहऱ्याने नळी कानाला लावून बसले होते. मी दोनदा हाक मारली. खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काय ते कळलं.

"हल्ली ऐकूच येत नाही हो नीट," ते हळूच म्हणाले. "कानातल्या मशीनने नुसती खरखर होते. विकून टाकतो आता. कानच नाही तर गाडी ठेवून काय करू?"

मी त्यांच्याशेजारी बसलो.

तेवढ्यात मामी पदराला हात पुसत खाली आल्या. मामांच्या हातातली नळी घेतली आणि सरळ आपल्या कानाला लावून दोन्ही कार्ब्युरेटरांवर धरून पाहिली. "डावा जास्त ओढतोय," त्या हाताने खुणा करत मोठ्याने म्हणाल्या. "स्क्रू फिरवा. अहो, इतका नाही. जरासा मागे. हं, राहू द्या."

थडथड थांबली, इंजिन एका सुरात चालू लागलं. मी दोन्हीकडे नळी लावून ऐकलं. तसूभर फरक नव्हता.

"तुला कसं गं कळलं?" मामांनी विचारलं.

मामी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "तीस वर्षं त्या खिडकीत उभी राहून दुसरं काय ऐकलं मी?"

त्या दुपारी दोघं येऊरला गेले. तिसरी सीट नाही, म्हणून मी गेटवरच राहिलो. मामींचा हात गिअरवरच्या मामांच्या हातावर होता. इंजिनाचा आवाज चढला की त्या हात दाबायच्या, मामा गिअर बदलायचे. गाडी वळणाआड गेल्यावरही मी कितीतरी वेळ मान तिरकी करून तिथेच उभा होतो.