रामकिसन नावाची नाव

पुंजाजीमामा रोज सकाळी आपल्या नावेवर थुंकत आणि मगच तिच्यात पाय ठेवत. चुकून नव्हे, नेम धरून. नावेच्या उजव्या अंगाला पांढऱ्या ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरांत 'रामकिसन' लिहिलेलं होतं. थुंकी 'रा'वर पडली तर जाळ्यात मासा येणार, शेवटच्या 'न'वर घसरली तर दिवस वाया, असं त्यांचं शास्त्र. सिद्धेश्वर धरणाच्या फुगवट्यावर बाकीचे मासेमार नावेला हात लावून तो कपाळाला लावतात. त्यांच्यात हा माणूस उठून दिसे.

या माणसाशी माझी गाठ पडली ती माझ्या मूर्खपणामुळे. मी हट्ट्याला शाळामास्तर. पाण्याशी माझा संबंध आंघोळीपुरता. सेनगावच्या माझ्या बहिणीला मुलगा झाला आणि पत्रिकेत 'व' अक्षर निघालं. बाळाचा मामा शिकलेला, म्हणून नाव शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी फोनवर 'नाव' शोधलं, तर 'नावच नाव' नावाचा एक गट सापडला. हजारभर सभासद, वर कागदी होडीचं गोंडस चित्र. बाळाचं खेळणं असेल, असं मला वाटलं. लगेच आत शिरलो आणि पहिलाच मजकूर टाकला : 'मुलासाठी छानसं नाव सुचवा. व वरून असल्यास उत्तम.'

तो गट महाराष्ट्रभरच्या होड्या चालवणाऱ्यांचा होता, हे मला पुढचा अर्धा तास कळलं नाही.

पहिलं उत्तर आलं, 'व म्हणजे वल्ह्याची ना? मुलाचं वजन किती?' मला वाटलं, नावाचा वजनाशी काहीतरी शास्त्रीय संबंध असेल. मी लिहिलं, 'तीन किलो दोनशे ग्रॅम.' मालवणच्या एका गृहस्थानं विचारलं, 'झिलाक पोवूक येता काय?' मी शब्दाचा अर्थ न कळून 'हो, उत्तम' असं लिहिलं; पोराला पोहता येतं का, असं ते विचारत होते, हे मला पुढं कळलं. तेवढ्यात पुंजाजी नावाच्या कुणा सभासदानं एकच ओळ टाकली, 'तीन किलोला घमेलं पुरतं.'

त्या ओळीखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. ती थांबेपर्यंत माझं बारसं झालेलं होतं. भाच्याचं नाव अजून ठरायचं होतं, पण माझं ठरलं : घमेलं मास्तर. आमच्या शाळेतला शिपाई कुठूनसा त्याच गटात होता, त्यामुळे सोमवारी मुख्याध्यापकांनी हजेरीपट पुढे सरकवत विचारलं, 'काय घमेलं सर, पोहोचलात?' बहिणीनं मुलाचं नाव शेवटी नणंदेला विचारून ठेवलं.

दुसरा कुणी असता तर गटातून निघून गेला असता. मी थांबलो. या पुंजाजीला रडवल्याशिवाय जायचं नाही, असं मी पोरांच्या वह्या तपासता तपासता ठरवलं, आणि त्या दिवशी पोरांना मार्कही कमी पडले.

सूड घ्यायचा तर माणसाची नस सापडायला हवी. मी गटात लोकांना बोलतं करायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी एक हलकाफुलका प्रश्न टाकायचो. 'नावेत विसरलेली सर्वांत मोठी वस्तू कोणती?' असं विचारलं, तर भंडाऱ्याच्या एकानं लिहिलं, 'सासरे. दुसऱ्या दिवशी आठवलं.' 'नावेत कुणाशी भांडू नये?' यावर चाळीस जणांनी एकच उत्तर दिलं, 'वल्हं ज्याच्या हातात हाय त्याच्याशी.' लोक माझ्या प्रश्नांची वाट पाहू लागले. मी मात्र एकाच माणसाच्या उत्तरांची वाट पाहत होतो. तो कधी दोन शब्दांच्या वर जात नसे.

मग मी विचारलं, 'तुमच्या नावेला नाव काय ठेवलंय, आणि का?' अन्नपूर्णा आली, जलपरी आली, कुणाची आई आली. पुंजाजीचं उत्तर आलं, 'रामकिसन.' का, ते लिहिलं नाही. मी खोदून विचारलं. गप्प. मला नस सापडली.

गाव कळायला वेळ लागला नाही. हट्ट्याहून मोटारसायकलवर तासाभराचा रस्ता. रविवारी मी हजर झालो. काठावर एक उंच, काळाकुळकुळीत, साठी ओलांडलेला माणूस जाळं झटकत होता. मी नाव सांगण्याआधीच तो म्हणाला, 'घमेलं मास्तर नव्हं का? फोटोतबी असंच तोंड हाय. या, या. भाकर खाल्ल्याबिगर जाऊ नका.'

दुश्मनानं असं वागू नये. मी त्यांच्या घरी ज्वारीच्या दोन भाकरी आणि माशाचं कालवण खाल्लं आणि सूड घ्यायचा बेत तसाच पोटात ठेवून ढेकर दिली.

मामा एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सोबतीला होत्या दुश्मन्या. 'इसरनं हे ढोराचं काम हाय, मास्तर,' असं ते म्हणत. स्टँडजवळच्या हॉटेलवाल्यानं एकदा त्यांना कान तुटलेल्या कपात चहा दिला होता. तेव्हापासून मामा समोरच्या हॉटेलात बसत, पण तोंड या हॉटेलाकडे करून, आणि प्रत्येक घोटाला मोठ्यानं 'वा!' म्हणत. चार वर्षं झाली होती. हॉटेलवाल्यानं सगळे कप बदलले, तरी 'वा' चालूच.

पण हा किरकोळ माल. खरी दुश्मनी सख्ख्या धाकट्या भावाशी होती. तोच रामकिसन. आईबाप लवकर गेले, मामांनी त्याला वाढवलं. शाळा पाण्याच्या पलीकडे. बारा वर्षं रोज नावेत बसवून नेलं-आणलं. तो शिकला, चाकणला कारखान्यात सुपरवायझर झाला, फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला मामा डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन, धोतर सावरत दारात उभे राहिले. आत साहेबलोक जेवत होते. कुणीतरी विचारलं, 'हे कोण?' रामकिसन म्हणाला, 'आमच्या गावचा नावाडी आहे.'

'मी गाठुडं थितंच ठिवलं,' मामा म्हणाले, 'आन मागल्या पावली एस्टीत बसलो. पानीबी प्यालो न्हाई. अकरा वर्सं झाली.'

'मग त्याचंच नाव नावेला काहून?'

मामांनी माझ्याकडे, मी वर्गात 'ढ' पोराकडे पाहतो तसं पाहिलं. 'त्यो म्हनला मी त्याचा भाऊ न्हाई, नावाडी हाय. बराबर. मी नावाडी, मंग त्यो माझी नाव. रोज त्याच्यावर थुंकतो. रोज त्याच्या छाताडावर पाय ठिवतो. साल भरलं की उलटा पाडून बुडाला डांबर फासतो.'

इतका सुबक सूड मी तोवर पाहिला नव्हता. माझं मन भरून आलं, आणि त्याच क्षणी मला माझा सूड सुचला. मी म्हटलं, 'मामा, नावेजवळ उभे राहा, फोटो काढतो.' ते छाती काढून, एक पाय 'रामकिसन'वर ठेवून उभे राहिले. मी म्हटलं, 'पाय खाली घ्या, नाव दिसत नाही.' त्यांनी घेतला. बिचाऱ्याला शंकाही आली नाही.

घरी येऊन मी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'धाकट्या भावाचं नाव नावेला देणारे आपले पुंजाजीमामा. असं भावाचं प्रेम आता कुठं राहिलंय!'

गट वाहून गेला. मालवणकरांनी लिहिलं, 'डोळ्यांत पाणी इला.' भंडाऱ्याच्या माणसानं आपल्या भावाला त्याच दिवशी फोन केला. मामा एका बोटानं टाइप करत. 'ह्यो माझा दुश्मन हाय' एवढं लिहायला त्यांना इतका वेळ लागला की तोवर दोनशे लोकांनी हात जोडले होते. त्या वाक्यालाही उत्तर आलं, 'भावाभावांतली ही थट्टा किती गोड!' मग मामांनी मला फोन केला. 'मास्तर, अकरा वर्साची दुश्मनी नासवली की हो तुमी!' मी फोन ठेवून खुर्चीत एकटाच हसत बसलो. आयुष्यात प्रथमच माझा एखादा बेत पार पडला होता.

हसू चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी अनोळखी नंबरावरून फोन आला. 'सर, मी रामकिसन बोलतो. तुमचा फोटो फिरत फिरत माझ्यापर्यंत आला.' आणि तो मोठा माणूस रडायलाच लागला. 'दादानं खरंच माझं नाव ठिवलं?' मी काय सांगणार? 'व्हय' म्हटलं. मग त्यानं सांगितलं : मुलीची सोयरीक जमलीय, पण पाहुण्यांना भाऊ असल्याचं सांगितलेलंच नाही, कुठल्या तोंडानं सांगणार होतो? आता येत्या रविवारी व्याह्यांना धरण दाखवायला म्हणून आणतो. दादाची नाव दाखवतो. मग आपोआप सांगता येईल.

मामांनी पाहुण्यांसमोर खरं कारण सांगितलं, तर त्या पोरीची सोयरीक तिथंच, काठावर मोडणार. आणि ती मोडणारा मी, घमेलं मास्तर. मी शाळा सुटताच मोटारसायकल काढली. मामांना सगळं सांगितलं, हात जोडले, कान धरले.

मामा जाळ्याची गाठ मारत राहिले. 'येऊ द्या. पावन्यांसमोर इज्जत गेली होती, पावन्यांसमोरच घेईन.'

'पोरीचं नुकसान होईल, मामा.'

'मास्तर, तुमी फोटो टाकताना इचारलं होतं का मला?'

रविवारी मी दहा वाजताच काठावर जाऊन उभा राहिलो. मोटार आली. रामकिसनराव उतरले, कडक इस्त्रीची पँट. मागून बायको, मुलगी, आणि काळा चष्मा घातलेले होणारे व्याही. मामा नावेत वल्हं धरून बसून होते, उठले नाहीत. व्याह्यांनी नावेवरची अक्षरं वाचली. 'अरे वा, हे तर तुमचंच नाव!' मग मामांकडे वळून म्हणाले, 'आणि आपण यांचे कोण?'

मामांनी वल्हं आडवं ठेवलं. 'मला काहून इचारता? रामकिसनला इचारा. मागं लोकायनं इचारलं, तवा फटकन सांगितलं होतं त्यानं.'

रामकिसनरावांच्या चेहऱ्याचा रंग गेला. बायको त्यांच्याकडे पाहत होती, मुलगी बापाकडे आणि मामांकडे आळीपाळीनं. अखेर ते पुटपुटले, 'हे माझे भाऊ.'

'वारं हाय,' मामा म्हणाले. 'ऐकू आलं न्हाई.'

'माझा भाऊ हाय.'

'कोनता? चुलत का मावस? पावन्यांना नीट सांग.'

'सख्खा हाय!' रामकिसनराव ओरडले. सुपरवायझरची भाषा कुठल्या कुठे गेली होती. 'थोरला हाय माझा! बारा वर्सं वल्हवून शाळेला नेलं मला यानं!'

पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी हात थांबवून इकडे पाहिलं. मामांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. 'आता पोचलं तिकडं. बसा, पावनं.'

सगळे बसले. रामकिसनराव फळीवर बसू लागले, तर मामांनी त्यांच्या हातात पत्र्याचा डबा दिला. 'तू तळाला बस. पानी येऊन राहिलं, उपस.' इस्त्रीच्या पँटीसकट ते तळाला बसले आणि उपसू लागले. 'एवढा सख्खा भाऊ,' व्याही चष्मा काढून म्हणाले, 'लपवायचं काय होतं त्यात?' रामकिसनराव उपसत राहिले. पलीकडे जाऊन परत येईपर्यंत मामा त्यांना एकदाच म्हणाले, 'कोपऱ्यातलं ऱ्हायलं,' आणि त्यांनी कोपऱ्यातलंही काढलं.

उतरताना मामांनी माझी बाही धरली. 'फोटो कोनत्या मनानं टाकला, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुमचा बदला झाला. माझा झाला. आता रामकिसनचा ऱ्हायला. त्यो आमच्याच रगताचा हाय, सोडनार न्हाई.'

नावेवर थुंकणं त्यानंतर थांबलं की नाही, मला ठाऊक नाही. सकाळी सहाला मी तिथं कधी गेलो नाही. मुलीचं लग्न झालं. पुढं मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि रामकिसनराव मोटार घेऊन आले. घराला कुलूप घातलं, मामांना चाकणला, तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. ऑपरेशन झालं तरी परत पाठवायचं नाव नाही.

परवा मामांचा फोन आला. मी विचारलं, 'काय करून राहिले?'

'काय करू? हितं पानी बघायला गेलं तर नळाला. आन ह्यो रामकिसन रोज सकाळी मला खाली नेतो. जो दिसल त्याला थांबवतो आन सांगतो, ह्यो माझा थोरला भाऊ, सख्खा. समद्या बिल्डिंगला सांगून झालं. दूधवाल्याला झालं. आता नवा वॉचमन आलाय, तर पुन्हा पयल्यापासून.'

'मग तुम्ही काय करता?'

'काय करनार, मास्तर. त्याचं सांगून होईस्तवर उभा ऱ्हातो.'