गोगलगायीसाठी जागा बघताना

रविवारी सकाळी आम्ही जेसल पार्कातल्या घरातून निघालो तेव्हा ओवीच्या हातात श्रीखंडाचा रिकामा डबा होता आणि डब्यात एक गोगलगाय होती. ओवी माझी मुलगी, पाच वर्षांची. गोगलगाय आली कोथिंबिरीच्या जुडीतून. निवडताना मी किंचाळले, आणि ओवीने तिला तिथल्या तिथे दत्तक घेऊन तिचं नाव टिकली ठेवलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वर मीठ टाक चिमूटभर, विरघळून जाईल." ते ओवीने ऐकलं. तेव्हापासून ती काकूंच्या घरात पाऊल ठेवत नाही.

दोन-तीन दिवस टिकलीने कोबी खाल्ला. पण शुक्रवारपासून ती शंखातून डोकंच बाहेर काढेना. ओवी सारखी झाकण उघडून विचारायची, "आई, मेली का?" मी म्हणायचे, "नाही गं, झोपलीय." मनातून मलाही खात्री नव्हती. ओली माती आणि थोडा पाला मिळाला तर कदाचित जगेल, म्हणून आज तिला कुठेतरी सोडायचंच असं ठरलं. सोसायटीच्या बागेत नेमकं आदल्या दिवशी कसलंसं औषध फवारलं होतं.

माझा नवरा नितीन म्हणाला, "त्यात काय एवढं! अगं, आपल्या मिरा-भाईंदरमध्येच लहान मुलांना न्यायला किती निसर्गस्थळं आहेत, बघ तरी." त्याने मोबाईल पुढे केला. 'कुटुंबासह निसर्गाच्या सान्निध्यात' असं काहीतरी कुणीतरी लिहिलं होतं. फोटो इतके हिरवेगार की मला वाटलं, हे आपलं गाव नव्हेच. मी रत्नागिरीकडची. निसर्गाच्या सान्निध्यात जायला आम्हाला घराचं मागचं दार उघडावं लागायचं, एवढंच. पण म्हटलं चला, नवरा एवढा उत्साहात आहे तर.

पहिलं उद्यान घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. कमानीवर रंगीत फुलपाखरं, आत सिमेंटची हरणं आणि सिमेंटचाच एक पेंग्विन. पेंग्विनच्या तोंडात कचरा टाकायचा. फेब्रुवारीच्या उन्हात, भाईंदरमध्ये पेंग्विन! त्या बिचाऱ्याकडे बघूनच मला घाम फुटला. हिरवळ मात्र सुरेख दिसत होती. ओवी टुणकन तिच्यावर बसली आणि बोटाने उकरायला लागली, तर हिरवळीचा कोपरा सतरंजीसारखा वर आला. खाली सिमेंट. खरी झाडं होती ती कुंड्यांमध्ये. मी एका कुंडीजवळ वाकते न वाकते तोच वॉचमन धावत आला.

"ओ मॅडम, कुंडी को हाथ नहीं लगाने का!"

"भैया, मिट्टी किधर है इधर?"

"मिट्टी?" तो जरा गोंधळला. "मिट्टी तो कब का निकाल दिया. बच्चा लोग गंदा होता था ना."

धन्य आहे! मुलांसाठी बाग केली आणि मुलं मळतात म्हणून माती काढून टाकली. उद्या ओली होतात म्हणून पाऊस बंद करतील.

नितीनने हार मानली नाही. पुढचा मुक्काम होता खाडीकाठची 'निसर्ग पायवाट'. ही पायवाट म्हणजे लाल रबराचा पट्टा, दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे, आणि कठड्यांपलीकडे तिवरं (खारफुटीची झाडं). खोट्या दगडांत स्पीकर बसवलेले होते आणि त्यांतून पक्ष्यांची किलबिल चालू होती. खराखुरा बगळा पलीकडे चिखलात एका पायावर उभा होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लोक दगडाशेजारी मुलांना उभं करून फोटो काढत होते.

"इथे चिखल आहे!" ओवी आनंदाने ओरडली. मग तिचा चेहरा बदलला. "बाबा, हा खारट आहे का?"

आता सांगा, सुशिक्षित माणूस काय करेल? खाडी आहे, खारटच असणार, असं म्हणेल. नितीनने कठड्याखालून हात घालून बोटाला चिखल लावला आणि जिभेवर टेकवला. मग पंधरा मिनिटं तो थुंकत होता. "खारट आहे," चुळा भरता भरता त्याने जाहीर केलं. तिथल्या टपरीवर आम्ही 'जंगल सँडविच' खाल्लं. नेहमीच्याच सँडविचमध्ये पालकाचं एक पान जास्त, झालं जंगल.

ओवीने एकच घास खाल्ला. डबा कानाला लावून बसली होती. "आतून काहीच आवाज येत नाही," ती म्हणाली. गोगलगायीचा आवाज कधीच येत नाही, हे तिला सांगून उपयोग नव्हता.

मग रिक्षाने भाईंदर पश्चिमेला. नितीन म्हणाला, "आता एकदम मोकळी जागा. बांधावरून चालायचं, दोन्हीकडे पाणी, परदेशी पक्षी." रिक्षातून उतरलो आणि ओवीने असा काही टाहो फोडला की रिक्षावालाही खाली उतरला. समोर मिठागर होतं. जिथे बघावं तिथे मिठाचे पांढरेशुभ्र ढीग.

"काकूंनी सांगितलं होतं!" डबा छातीशी धरून ती रडत होती. "बाबा तिला मारायला घेऊन आले!"

"अरे, गोगलगायीला घेऊन मिठागरात?" मी नितीनला म्हणाले. "अक्कल काय गहाण ठेवलीस?"

त्या बिचाऱ्याने मोबाईल खिशात टाकला. शेवटी त्याच रिक्षाने निघून राई गावात उतरलो, ते काही बघायचं म्हणून नाही, तर रस्त्यालगत मुळ्याचे वाफे दिसले म्हणून. गावातली जुनी घरं आता इमारतींच्या मधे चेपून बसलीत, पण विहिरीजवळ एवढा एक तुकडा हिरवा उरला होता. वाफ्यात एक मावशी मुळे उपटत होत्या. आम्ही बांधावर उभे राहिलो तशी त्यांनी मान वर केली.

"काय हाय गं बाय डब्यात?"

ओवीने डबा पुढे धरला. मावशींनी आत बघितलं आणि चेहरा कडू केला.

"गोगलगाय? न्हाय न्हाय, इथं नको. सगला पाला खाते मेली. मी रोज उचलून रस्त्यावर फेकते."

झालं! उभ्या शहरात खरी माती सापडली एके ठिकाणी, आणि तिथेही टिकलीला जागा नाही. ओवीचा खालचा ओठ थरथरायला लागला. मावशींनी तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या वैतागून म्हणाल्या, "बरं बरं, रडू नको. तिकडं इहिरीच्या पाण्यावर अलू हाय, त्यात सोड. अलू खाईल तर घसा खाजंल तिचा, अद्दल घडंल."

अळवाखालची जमीन काळी आणि ओलीगच्च होती. ओवीने चपला काढल्या आणि घोट्यापर्यंत आत रुतली. टिकलीला तिने पानाखाली ठेवलं. आम्ही तिघंही उकिडवे बसलो. काहीच घडेना. ओवीने माझं बोट घट्ट धरलं होतं. मग शंखाखालून ओलसर असं काहीतरी सरकलं, आणि दोन शिंगं हळूच बाहेर आली.

"जिवंत आहे!" ओवी इतक्या जोरात ओरडली की मावशीसुद्धा हसल्या. नितीनने डोळे पुसले, आणि खरं सांगते, मीही.

मुळ्याची एक जुडी घेऊन निघताना मी म्हणाले, "मावशी, छान ठेवलीय हो जागा."

"कसली जागा," त्या म्हणाल्या. "औंदाच हाय ही. ते खांब रोवलेत बघ कोपऱ्यात. पावसाच्या आधी इथं गार्डन होनार हाय. पोरांसाठी."

"घसरगुंडी पण?" ओवीने विचारलं.

"असंल की."

मी मुळ्याची जुडी नितीनच्या हातात कोंबली आणि परत अळवात शिरले. एकेक पान उलटून बघितलं. आत्ता तर इथेच होती! गोगलगाय हळू चालते म्हणे.

"काय करतेयस?" नितीनने विचारलं. "आणि सापडली तर नेणार कुठे तिला?"

मी पुढचं पान उलटलं. साडीला चिखल लागला होता, टिकली काही सापडली नाही, आणि मला असा संताप आला होता की कुणाला तरी धरून हलवावं. सकाळपासून मी पेंग्विनला हसले, वॉचमनला हसले, नवऱ्याला तर मनसोक्त हसले. आता एकही टोमणा सुचेना.

परतीच्या रिक्षात ओवीने रिक्षावाल्याला बातमी सांगितली. "अंकल, उधर गार्डन बनने वाला है!"

"अच्छा है ना बेटा," तो म्हणाला. "बच्चा लोग के लिए कुछ तो होना चाहिए."

ओवी माझ्या मांडीवर आडवी झाली. पाय चिखलाने बरबटलेले होते, पण चेहरा इतका निवांत, की तसा तीन दिवसांत दिसला नव्हता.

"आई, गार्डन झालं की आपण टिकलीला भेटायला येऊ हं."

"येऊ," मी म्हणाले, आणि माझा चेहरा तिला दिसू नये म्हणून बाहेर बघत राहिले.